फोटो वाचायचा संच: वाचनालयातल्या कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025 : काय करायचं ते ठरलं

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली अखेर रिकामी झाली. तिथे फोटो वाचायला शिकवणारा एक संच ठेवायचा, असं आज ठरलं. संचात मोठ्या आकारात छापलेले मोजकेच फोटो, ते झाकायची-उघडायची साधनं आणि प्रत्येक फोटोच्या पाठीमागे त्याची हकिगत, एवढंच असेल. आठवीतल्या मुलांपासून पेन्शनर मंडळींपर्यंत कुणीही तासभर बसावं, आणि हा फोटो आपल्याला का धरून ठेवतो हे उठताना त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यावं. कॅमेरा कसा वापरावा हे यात नाही. मोबाइलवर रोज शेकडो फोटो बोटाखालून सरकतात आणि एखादाच अडकतो. तो का अडकतो, हे शोधायचं आहे.

काम तिघांचं आहे: ग्रंथपाल मॅडम, चित्रकलेचे निवृत्त सर आणि मी. वर्गणीतून पाच हजार रुपये मिळाले आहेत. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला किंवा शाळेला असाच संच करावासा वाटला तर उपयोगी पडतील म्हणून या नोंदी ठेवतोय. पैसे कुठे वाया गेले तेही लिहीन.

19 जानेवारी : फोटोंची निवड

पहिल्या यादीत आम्हाला आवडणारे सगळेच फोटो होते. भोपाळच्या वायुकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या अनोळखी बाळाचा चेहरा होता. तो रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन्ही छायाचित्रकारांनी टिपलाय, एकाने कृष्णधवल, दुसऱ्याने रंगीत. बार्थोलोम्यूंच्या रंगीत फोटोला 1984 चा 'वर्ल्ड प्रेस फोटो' या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचा सर्वोच्च सन्मान मिळाला. एकाच खड्ड्याचे हे दोन फोटो शेजारी ठेवले तर रंगाने काय होतं हे शिकवायला दुसरं काही लागणार नाही. मार्गारेट बर्क-व्हाइटने 1946 मध्ये काढलेला गांधीजींचा फोटोही यादीत होता. त्यात चरखा पुढे आणि गांधीजी मागे बसून वाचतायत.

यातलं काहीच छापता येणार नाही. या फोटोंचे हक्क कुणा ना कुणाकडे आहेत आणि परवानगीची फी आमच्या आवाक्याबाहेरची. ते पुस्तकातून दाखवू, बोर्डावर लावायचे नाहीत. या शोधात आठवडा गेला. तुम्ही करणार असाल तर हक्काचा प्रश्न आधी सोडवा, आवडीनिवडीचं नंतर बघा.

शेवटी हे चार ठरले:

लुईस हाइन, 1908: अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या लँकेस्टर कापड गिरणीत उभी असलेली सेडी फायफर ही मुलगी.

नारायण विनायक विरकर, 1919: जालियनवाला बागेतली गोळ्यांच्या खुणांची भिंत.

डोरोथिया लँग, 1936: 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) या नावाने जगभर ओळखला जाणारा फोटो.

अंतराळवीर विल्यम अँडर्स, 1968: चंद्राच्या क्षितिजावर दिसलेली पृथ्वी, म्हणजे 'अर्थराइज'.

लँग अमेरिकी सरकारच्या नोकरीत असताना तिने हा फोटो काढला आणि अँडर्सचा फोटो नासाचा, त्यामुळे दोन्ही मुक्त आहेत. हाइन आणि लँग यांच्या मोठ्या फाइल लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. विरकरांचा फोटो शंभर वर्षांहून जुना आहे, पण त्याची जी प्रत मिळाली ती लहान आहे.

2 फेब्रुवारी : छपाई

स्वस्तात होईल म्हणून पहिल्यांदा चारही फोटो एका फ्लेक्सवर छापून घेतले. दीडशे रुपये गेले. रस्त्यावरच्या फलकाला फ्लेक्स चालतो, कारण तो लांबून बघतात. इथे माणूस हातभर अंतरावर बसणार. लँगच्या फोटोतल्या बाईच्या नखांतली माती, तिच्या बाहीची फाटकी कड, हे सगळं करड्या ठिपक्यांत विरघळून गेलं.

मग फोटो लॅबमधून लँगच्या फोटोची एक ग्लॉसी प्रिंट काढली, 12 बाय 18 इंची, 140 रुपयांना. खोलीतल्या ट्यूबलाइटची पट्टी नेमकी तिच्या कपाळावर चमकायला लागली. मॅट कागद घेतला, तेव्हा लॅबच्या यंत्राने आपणहून फोटो उजळवला. चेहरा गोरा झाला, मागचा अंधार करडा. लग्नाच्या अल्बमसाठी यंत्रावर ही सुधारणा कायम चालू ठेवलेली असते. ती बंद करून पुन्हा छापायला सांगितलं आणि प्रिंट जशी हवी तशी आली. प्रिंट घ्यायला स्वतः जा आणि मूळ फाइल मोबाइलवर शेजारी धरून ताडून बघा.

विरकरांचा फोटो 12 बाय 18 मध्ये फुटायला लागला म्हणून तो 8 बाय 12 इंचीच ठेवला, 80 रुपयांत.

बोर्डावर चिकटवताना हाइनची प्रिंट खळीमुळे फुगली, तीही पुन्हा काढावी लागली. शेवटी पाट्या करणाऱ्या दुकानातून चारही प्रिंट पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर यंत्राने लावून घेतल्या. एका बोर्डाला 220 रुपये पडले, पण अजून एकाचाही कोपरा सुटलेला नाही.

9 फेब्रुवारी : पहिली बैठक जमली नाही

प्रत्येक फोटोखाली नाव, साल आणि चार ओळींची माहिती लावली होती. आलेल्या सगळ्यांनी आधी ओळी वाचल्या आणि मग तेच शब्द आम्हाला परत ऐकवले. गरिबी, करुणा, शोषण, विश्वाची भव्यता. फोटोकडे कुणी अर्ध्या मिनिटाहून जास्त पाहिलं नाही. बघण्याचं काम मजकुराने आधीच उरकून टाकलं होतं.

संध्याकाळी दोन बदल केले. मजकूर काढून बोर्डाच्या पाठीवर लावला. आणि चिठ्ठ्या तीन रंगांच्या केल्या. पांढऱ्या चिठ्ठीवर फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहायचं: हात, खांब, काळोख, किती माणसं, कुणाची नजर कुठे. तिथे 'गरीब', 'दुःखी', 'सुंदर' हे शब्द चालणार नाहीत. पिवळ्या चिठ्ठीवर काय वाटलं ते लिहायचं, पण फोटोतल्या कुठल्या जागेमुळे वाटलं तेही त्यासोबत लिहायचं. गुलाबी चिठ्ठी प्रश्नांची. पांढरी भरल्याशिवाय पिवळी मिळत नाही.

सरांना पांढऱ्या चिठ्ठीचा जाच वाटला. त्यांच्या मते चित्र पहिल्या क्षणात जे देतं तेच खरं. मला वाटतं पहिल्या क्षणात आपण फोटोवर आपल्याजवळचे तयार शब्द ठेवून मोकळे होतो. चार बैठका माझ्या पद्धतीने करून बघायच्या, असं ठरलं.

16 फेब्रुवारी : हाइनचा फोटो

शाळेची मुलं आली होती. काळ्या कार्डशीटमधून इंग्रजी एल आकाराच्या दोन पट्ट्या कापल्या होत्या. त्या एकमेकींसमोर धरल्या की हवी तेवढी चौकट लहान-मोठी करता येते. या संचातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाचं साधन हेच.

मुलांनी आधी यंत्र झाकलं. उरली एक मुलगी, साधा झगा घातलेली, जुन्या घरातल्या अल्बममध्ये असते तशी. मग मुलगी झाकली. उरली चात्यांची लांबच लांब रांग, गिरणीच्या जाहिरातीत शोभेल अशी. दोन्ही उघडं ठेवलं तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "यंत्र संपतच नाही, आणि ती एवढीशीच आहे." फोटोचा जोर या मापातल्या फरकात आहे, हे त्याने कुणी न सांगता पकडलं. हाइनने कॅमेरा मुलीच्या उंचीच्या जवळ ठेवलाय. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतला असता तर यंत्राची ती रांग बसकी झाली असती, आणि मुलगीही नुसती खाली बघण्याची वस्तू झाली असती.

पाठीमागचा मजकूर सगळ्यांत शेवटी वाचला. हाइनने स्वतः लिहिलेल्या ओळीत मुलीची उंची दिली आहे: 48 इंच. सहा महिन्यांपासून ती कामावर आहे, असंही लिहिलंय. बिचारी, अभागी असला एकही शब्द नाही. तो राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी हे फोटो काढत गिरण्यांमधून हिंडत होता. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या बटणांवरून मनाशी मोजून ठेवायचा. त्याच्या फोटोंना पुरावा म्हणून उभं राहायचं होतं, आणि पुराव्याला विशेषणाचा काही उपयोग नसतो.

आम्ही दाराच्या चौकटीवर चार फुटांवर खडूने रेघ मारली. मुलं एकेक करून तिच्याखाली उभी राहिली. चौथीतल्या एकीचं डोकं बरोबर रेघेला लागलं आणि खोलीतला गलबला थांबला. ही रेघ आता खोलीत कायमची ठेवणार आहोत, तेलरंगाने मारून. संच करणाऱ्या प्रत्येकाने ती मारावी.

9 मार्च : पृथ्वी

हा बोर्ड सोपा जाईल असं वाटलं होतं, पण सगळ्यांत कमी हाती लागलं ते इथेच. प्रत्येकाने हा फोटो कुठे ना कुठे पाहिलेला, त्यामुळे नव्याने बघायला कुणी तयार होईना. पांढऱ्या चिठ्ठ्यांवर 'पृथ्वी, चंद्र' एवढंच.

उपाय सरांनी काढला. बोर्डाला बाजूच्या कडेवरही हूक लावले आणि तो उभा फिरवून टांगला, चंद्राची जमीन उजवीकडे भिंतीसारखी उभी राहील असा. 24 डिसेंबर 1968 रोजी अपोलो 8 मधून अँडर्सला ते दृश्य साधारण असंच दिसत होतं. जमीन खाली आणि पृथ्वी वर, ही मांडणी छापताना झाली. उभ्या मांडणीत कुणालाही 'उगवणं' आठवलं नाही. एकाने 'भिंतीआडून डोकावणं' लिहिलं, दुसऱ्याने 'पडेल असं वाटतं'. पुन्हा आडवी केली की सगळे सूर्योदयाशी येऊन थांबतात. चित्र तेच असूनही नुसत्या फिरवण्याने अर्थ बदलतो, हे दाखवायला बोर्ड चांगला आहे. पण त्यासाठी तासभर लागत नाही, वीस मिनिटं पुरतात.

मुलांना सांगायला एक माहिती उपयोगी पडली. चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वी अशी उगवताना दिसणार नाही, ती आकाशात जवळपास एका जागी असते. यान चंद्राभोवती फिरत होतं म्हणून ती वर आली.

13 एप्रिल : विरकर

तारीख मुद्दाम निवडली. विरकर मुंबईचे छायाचित्रकार. 1919 च्या हत्याकांडानंतर त्यांनी जालियनवाला बागेत फोटो काढले. ते तिथे पोचले तेव्हा मृतदेह नव्हते, रक्त नव्हतं. बाग होती आणि भिंती होत्या. फोटोत विटांच्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांभोवती पांढऱ्या रेघा ओढलेल्या आहेत आणि शेजारी उभी असलेली माणसं त्यांच्याकडे बोट दाखवतायत.

सुरुवातीला खोली गप्प. मग एकजण म्हणाला, "यात काहीच घडत नाहीये." पांढऱ्या चिठ्ठीवर हेच लिही, असं त्याला सांगितलं. ते निरीक्षण खरं आहे आणि महत्त्वाचंही.

यानंतर कागदाच्या कपट्यांनी फक्त बोटं झाकली. भिंतीपाशी उभी असलेली माणसं उरली, कुठल्याही गावात निघाला असता असा फोटो. कपटे काढले आणि सगळ्यांचे डोळे बोटांमागून खुणांवर गेले. बघणाऱ्याची नजर कुठे न्यायची हे फोटोतला माणूसच ठरवतोय. शिवाय माणसं शेजारी असल्यामुळे खूण जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही कळतं. आठवीतल्या एका मुलीने बोर्डासमोर उभं राहून आपला तळवा आधी आपल्या छातीला लावला आणि मग फोटोतल्या खुणेवर ठेवला. तिला काही बोलावं लागलं नाही.

बोर्ड उलटवून पाठ वाचली: 13 एप्रिल 1919, जनरल डायरचा हुकूम, 1,650 फैरी, सरकारी आकड्याप्रमाणे 379 मृत्यू, काँग्रेसच्या चौकशीत त्याहून कितीतरी जास्त.

सर आणि मी यावर अजून भांडतो आहोत. सरांच्या मते हा मोठा फोटो नाही. रचना ढिली आहे, प्रकाश सपाट आहे, मजकूर काढून घेतला तर तो उभा राहत नाही. ते म्हणतात ते सगळं खरं आहे. पण मजकुरासकट हा फोटो जे करतो ते लँगचा फोटोही करू शकत नाही. तो माझ्याकडून सहानुभूती मागत नाही, साक्षीदार म्हणून मला त्या भिंतीपाशी नेऊन उभं करतो. फोटोने स्वतःच्या बळावरच उभं राहिलं पाहिजे, हा नियम फोटोला कुणी लावून दिला? बातमीतला, खटल्यातला, कौटुंबिक, असा कुठलाच फोटो एकटा जगत नाही.

या वादामुळे कामाची दिशा थोडी बदलली. इथून पुढे 'परिणाम' आणि 'अर्थ' हे दोन वेगळे रकाने करतोय. मजकुराशिवाय फोटो माणसाला किती वेळ धरून ठेवतो ते पहिल्या रकान्यात. मजकूर वाचल्यावर फोटोत काय बदललं ते दुसऱ्यात. विरकरांचा पहिला रकाना जवळपास कोरा आहे, दुसरा पानभर.

27 एप्रिल : घरचे फोटो

प्रत्येकाला घरातला एक फोटो आणायला सांगितलं होतं. बहुतेक लग्नाचे, बारशाचे. त्यांवर चिठ्ठ्या भरायला कुणाला वेळ लागला नाही.

एका काकूंनी आईचा मोठा केलेला फोटो आणला, हार घालायच्या चौकटीतला. आईचा तेवढा एकच फोटो होता, तोही एका गर्दीच्या फोटोच्या कोपऱ्यात. स्टुडिओवाल्याने चेहरा काढून मोठा केला, टचिंग करून नऊवारीच्या जागी जरीकाठी साडी लावली आणि मागे निळा पडदा रंगवला. चेहरा धूसर, खांदे दुसऱ्याचे. पण काकू म्हणाल्या, आईच्या अंगावर अशी साडी मी कधी पाहिली नाही, म्हणून मला मूळ फोटोच हवाय, तो कुणाकडे आहे ते शोधतेय.

त्यांच्या तोंडून टचिंगविषयी जे ऐकायला मिळालं ते लँगच्या बोर्डाला लागणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवलं.

18 मे : लँग

हा बोर्ड मुद्दाम मे महिन्यापर्यंत थांबवला होता. आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. शेतीच्या कामामागे घर घेऊन फिरणाऱ्या बाईचा फोटो त्यांच्याशिवाय वाचायचा, हे मॅडमना पटेना. त्यांनी दोघींना घरी जाऊन बोलावलं. त्यांच्या मुली वाचनालयात येतात.

आधीच्या चाचणीत एक अडचण कळली होती. चेहरा सुरुवातीलाच उघडा असला की लोक दुसरीकडे कुठे बघतच नाहीत. म्हणून कार्डशीटच्या झडपा केल्या, मास्किंग टेपने बोर्डावर लावलेल्या. पहिली झडप हाताची, दुसरी दोन्ही बाजूंच्या मुलांची, तिसरी मांडीवरच्या बाळाची, चौथी चेहऱ्याची.

हात उघडला. लांब, मळलेली बोटं, गालाच्या कडेला टेकलेली. मग मुलं उघडली. दोघांनीही तोंडं फिरवलेली, आईच्या खांद्यांत खुपसलेली. पांढऱ्या चिठ्ठ्यांवर 'पाठमोरी' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. मुलांचे चेहरे दिसले असते तर आपण त्यांच्यातच गुंतलो असतो. ते दिसत नाहीत, त्यामुळे सगळा भार एकाच चेहऱ्यावर येतो, आणि मुलं कुणाचीही असू शकतात.

चेहऱ्याची झडप उघडल्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या दोघींपैकी मोठ्या बाई बोलल्या. त्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या मुलीने लिहून घेतलं. चिठ्ठीत जसं आहे तसं देतो (कोपी म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामातली झोपडी):

"हिला आज काम नाही. कामाच्या दिसात बाई दिवसाढवळ्या गालाला हात लावून बसत नाही. कोपीच्या तोंडाशी बसलीय, मागं अंधार हाय. हा कडेचा खांब कोपीचा."

तंबूच्या त्या खांबाकडे आमच्यापैकी कुणीही लक्ष दिलं नव्हतं. आणि 'काम नाही' हे तर पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं, की पांढऱ्या? बराच वेळ बोलून ते पांढऱ्यावर लिहिलं. त्यांना ते दिसत होतं. आम्हाला दिसलं नाही, कारण तो हात आम्ही फक्त दुःखाचा म्हणून वाचला होता.

पाठ उलटवली. कॅलिफोर्नियातलं निपोमो, मार्च 1936, वाटाणा तोडणाऱ्यांचा तळ. थंडीने पीक गोठलेलं, काम बंद. बाई बरोबर होत्या.

मग त्याच मालिकेतले पाच फोटो, 8 बाय 10 आकाराचे, एका पट्टीवर लावलेले दाखवले. लांबून घेतलेल्या फोटोत तंबू, ट्रंक, मोठी मुलगी, आजूबाजूची मोकळी जमीन, सगळं आहे. लँग जवळ जवळ गेली आणि एकेक गोष्ट चौकटीबाहेर टाकत गेली. दोन टोकांच्या फोटोंच्या चिठ्ठ्या शेजारी मांडल्या, तेव्हा या कामात जे शोधत होतो ते टेबलावर दिसलं. लांबच्या फोटोची पांढरी चिठ्ठी गच्च भरलेली आणि पिवळी जवळपास कोरी. जवळच्या फोटोची पांढरी पाच-सहा ओळींची, पण पिवळी दोन्ही बाजूंनी भरलेली. माहिती जास्त होती तिथे परिणाम कमी झाला. त्या कुटुंबाची परिस्थिती समजून घ्यायची तर लांबचा फोटो बघावा लागतो, आणि लोकांनी लक्षात ठेवला जवळचा.

25 मे : तोच बोर्ड, पुढची बैठक

आज पाठीवरचा उरलेला मजकूर वाचला. याला वेगळी बैठक ठेवा, पहिल्यातच घुसडू नका.

लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं, ते तिने स्वतःच पुढे लिहिलंय. नाव कळलं 1978 मध्ये: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती मूळची चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीची, ओक्लाहोमात जन्मलेली. लँगच्या आठवणीप्रमाणे त्या कुटुंबाने पोटासाठी गाडीचे टायर विकले होते. कुटुंबाने हे साफ नाकारलं, त्यांच्या सांगण्यानुसार गाडी बिघडली होती आणि पुरुष माणसं दुरुस्तीला गेली होती. फोटो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने तळावर 20,000 पौंड अन्न पाठवलं. तोवर फ्लॉरेन्स आणि मुलं तिथून निघून गेली होती. या फोटोपासून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं ती पुढे म्हणाली. 1983 मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी हजारो डॉलर पाठवले, फोटोमुळेच.

अंगठ्याची गोष्टही सांगितली. मूळ निगेटिव्हमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात, खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. लँगला तो खटकायचा. काही वर्षांनी तिने निगेटिव्हवरच तो पुसट करून घेतला, आणि तिचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर त्यावर नाराज झाले. अंगठा असलेली प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. काकू लगेच म्हणाल्या, "म्हणजे हेही टचिंगच." सरांनी अंगठा पुसण्याची बाजू घेतली, तो नजर खेचतो म्हणून. मॅडम म्हणाल्या, "तो कुणाचा तरी हात होता." मी मॅडमच्या बाजूचा. फोटो पुरावा म्हणून सरकारी दप्तरात ठेवायचा असेल, तर त्यातलं माणूस पुसता येत नाही, अंगठ्याएवढंही.

आज पुन्हा भरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या आधीच्यांशी जुळत नाहीत. काहींना फोटोचा राग आला. हा बोर्ड लावूच नये, असंही एकाने सुचवलं. मला तो राहायला हवाय. हा फोटो कमालीचा परिणामकारक आहे आणि ज्या बाईचा आहे तिच्याविषयी त्याने अर्धवट सांगितलं, या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय त्याचं वाचन पुरं होत नाही.

आमच्याच मजकुरात एक दुरुस्ती केली. पाठीवर आम्ही सुरुवात 'एक स्थलांतरित आई' अशी केली होती. आता ती फ्लॉरेन्सच्या पूर्ण नावाने होते.

8 जून : हिशेब आणि पुढचं

एकूण खर्च 2,790 रुपये. त्यात फ्लेक्स 150, चांगल्या चार प्रिंट 500, लँगची पट्टी 300, सनबोर्ड 880, कार्डशीट 120, हूक आणि किरकोळ सामान 180, चिठ्ठ्यांचा कागद 240. बाकीचे 420 म्हणजे वाया गेलेल्या तीन प्रिंट. फ्लेक्स धरला तर फुकट गेलेली रक्कम 570.

बोर्डांचा क्रम आता हाइन, अँडर्स, लँग, विरकर असा केलाय. विरकर शेवटी, कारण मजकुराशिवाय फोटोत काय राहतं आणि काय राहत नाही हा प्रश्न पडायला आधीचे तीन बोर्ड झालेले असावे लागतात. खिडकीसमोर एकही टांगू नका. विरकरांची प्रिंट दुपारच्या उन्हात एवढ्यातच पिवळट पडायला लागली आहे. मास्किंग टेप चार-पाच उघडझापीत सुटतो, झडपांना कापडी बिजागरीपट्टी लावा.

संच पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या शाळेत जातोय. पाचवा बोर्ड मोकळा ठेवलाय. लँगच्या बैठकीला आलेल्या दोघी दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोडीला निघतील. मोठ्या बाईंच्या मुलीने मोबाइलवर कोपीचे फोटो स्वतः काढायचं कबूल केलंय, लांबून एक आणि जवळून एक. निवड त्या दोघींची. छापण्याआधी पाठीवरचा मजकूर दोघींना वाचून दाखवायचा, आणि त्यांनी नको म्हटलं तर बोर्ड होणार नाही, असं मॅडमनी वहीत लिहून ठेवलं. त्यासाठी 2,210 रुपये शिल्लक आहेत.